मवाळ नेता आणि चिडलेला मतदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुठल्याही देशात निवडणुकीचा निकाल लागला की ओळखीपाळखीचे लोक मला हटकून हेच प्रश्न विचारतात. एकेकाला तोंडी उत्तरं देऊन थकलो, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत, त्यामुळे काही ठिकाणी ती एकतर्फी वाटतील.

आधी सरळ सांगा : पॉप्युलिझमकडे ओढल्या गेलेल्या मतदाराचं समाधान मवाळ नेता करू शकतो का?

बऱ्याच जणांचं करू शकतो, सगळ्यांचं नाही. आणि एकदा केलं म्हणून ते कायमचं होत नाही.

या मतदाराच्या मनात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक गाऱ्हाणं : पगार पुरत नाही, गावातलं प्रसूतिगृह बंद झालं, घरभाडं परवडत नाही. दुसरा राग : वर बसलेले आपल्याला मोजतच नाहीत. गाऱ्हाण्यावर मवाळ नेत्याकडे इलाज असतो, पुष्कळदा पॉप्युलिस्टापेक्षा बराच चांगला. रागावर मात्र योजनेची मात्रा चालत नाही, तिथे वागणूक बघितली जाते. मवाळ नेते नापास होतात ते बहुधा या दुसऱ्या विषयात, आणि निकाल लागल्यावर पुन्हा पहिल्याचाच अभ्यास करत बसतात.

पॉप्युलिझम म्हणजे लोकानुनयच ना? फुकट वाटप वगैरे?

मराठीत ‘लोकानुनय’ म्हटलं की तिजोरी रिकामी करून केलेली खैरात डोळ्यांपुढे येते. तो अर्थ इथे तोकडा पडतो. खैरात कुणीही करतं, मवाळही करतात. पॉप्युलिझमचं म्हणणं असं असतं : समाजात दोनच गट आहेत, एक सच्ची साधी जनता आणि दुसरी लबाड वरची मंडळी, आणि जनतेच्या वतीने बोलण्याचा मक्ता फक्त आमच्याकडे आहे. यातला मक्त्याचा भाग खरा घातक. तो एकदा मान्य केला की समोरचा पक्ष प्रतिस्पर्धी उरत नाही, जनतेचा वैरी ठरतो. मग न्यायालय, पत्रकार, निवडणूक घेणारी यंत्रणा, सगळेच वाटेतले धोंडे. म्हणून मी इथे ‘पॉप्युलिझम’ हाच शब्द ठेवलाय.

आणि मवाळ म्हणजे मिळमिळीत का?

आपल्याकडे हा शब्द जहालांच्या जोडीने आला, त्यामुळे त्याला भित्रेपणाचा वास चिकटला तो चिकटलाच. मला अभिप्रेत असलेला मवाळ म्हणजे विरोधकाला देशद्रोही न म्हणणारा, जिंकल्यावर खेळाचे नियम न बदलणारा, हरल्यावर मुकाट घरी जाणारा, आणि प्रत्येक प्रश्नावर एका रात्रीत तोडगा आहे अशी थाप न मारणारा. यात ‘काही करायचं नाही’ हे कुठेच बसत नाही. ब्रिटनचे क्लेमंट ॲटली इतके मितभाषी की त्यांच्या गप्प बसण्यावर विनोद व्हायचे. पण १९४८मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती त्यांच्याच सरकारच्या काळात. स्वभाव मवाळ असणं वेगळं आणि कारभार मवाळ असणं वेगळं.

या मतदारांना नेमकं हवंय तरी काय?

फ्रान्समध्ये २०१८च्या नोव्हेंबरात काय झालं ते बघा. मॅक्रॉन सरकारने नव्या वर्षापासून डिझेलवरचा कर लिटरमागे साडेसहा सेंट आणि पेट्रोलवरचा सुमारे तीन सेंट वाढवायचं ठरवलं होतं. कारण हवामानबदलाचं, कागदावर बिनचूक. पण त्याआधीच्या वर्षी याच सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती कर मोडीत काढून तो फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला होता. त्याच उन्हाळ्यात गावाकडच्या दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटरवरून ८० वर आणली होती. पॅरिसात मेट्रोने फिरणाऱ्याला यातलं काही टोचण्याचं कारण नव्हतं. रोज तीस-चाळीस किलोमीटर गाडी हाकत कामावर जाणाऱ्या माणसाला मात्र तिन्ही गोष्टी एकाच जागी टोचल्या.

फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत एक चकाकतं पिवळं जाकीट ठेवावंच लागतं. गाडी बंद पडली तर ते अंगात घालून रस्त्यावर उतरायचं, म्हणजे मागून येणाऱ्याला आपण दिसतो. सरकारनेच सक्तीने घ्यायला लावलेलं हे जाकीट चढवून लोक वाहतुकीच्या वर्तुळांवर जाऊन उभे राहिले. डिझेलच्या दराचं निमित्त होतं. पण दिसावं म्हणून शिवलेलं जाकीटच त्यांनी निवडलं, हे मला त्यांच्या सगळ्या मागण्यांच्या यादीपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

सरकारने करवाढ मागे घेतली. किमान वेतनावरच्या कामगाराला महिन्याला १०० युरो जास्त मिळतील, असं मॅक्रॉन यांनी डिसेंबरात जाहीर केलं. गाऱ्हाणं बऱ्यापैकी भागलं. मग २०१९च्या सुरुवातीला ‘महाचर्चा’ झाली. गावोगावच्या नगरपालिकांत टेबलावर वह्या ठेवल्या गेल्या : या आणि काय म्हणायचंय ते लिहा. लोकांनी लिहिलं. कुणी दोन ओळी, कुणी पानंच्या पानं. काहींनी तर घरून लिहून आणलेली पत्रं आत चिकटवली. पेन्शन, कर, बंद पडत चाललेल्या सरकारी सेवा. त्या वह्या पुढे जिल्ह्याजिल्ह्यांच्या दप्तरखान्यांत गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्या सगळ्यांना सहज वाचायला मिळाव्यात म्हणून २०२५मध्ये संसदेला ठराव करावा लागला.

अध्यक्षपदाच्या अंतिम फेरीत मॅक्रॉन यांच्यासमोर कट्टर उजव्या नेत्या मारीन ल पेन यांना २०१७मध्ये जवळपास ३४ टक्के मतं होती, २०२२मध्ये ती साडेएकेचाळीस झाली. केवळ वह्यांमुळे असं मी म्हणणार नाही. पण आधी विचारायचं आणि मग उत्तर मिटून ठेवायचं, याच्यापेक्षा न विचारलेलं परवडलं.

लोकांना खरे आकडे दाखवले तर पटणार नाही का?

कॅनडात हा प्रयोग झालाय. तिथे इंधनावर कार्बन कर होता आणि त्याचा मोठा भाग दर तीन महिन्यांनी लोकांच्या खात्यात परत जमा व्हायचा. बहुतेक कुटुंबांना भरलेल्यापेक्षा जास्त परत मिळतं, हे सरकार वर्षानुवर्षं आकड्यांनिशी सांगत होतं. पण कर पंपावरच्या पाटीवर दिसायचा, परतावा बँकेच्या पासबुकात गुपचूप यायचा. पंपावरची पाटी रोज दिसते. पासबुक कोण रोज उघडतं? विरोधकांनी ‘कर तोडा’ एवढ्या दोन शब्दांवर रान उठवलं आणि सत्ताधारी लिबरल पक्ष जनमत चाचण्यांत वीसेक टक्क्यांनी मागे पडला.

मार्च २०२५मध्ये मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी ग्राहकांवरचा तो कर शून्यावर आणायच्या आदेशावर सही केली. एप्रिलमध्ये पक्ष निवडणूक जिंकला. यात ट्रम्प यांच्या आयातशुल्काचा आणि कॅनडाला गिळंकृत करण्याच्या भाषेचा वाटा फार मोठा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. हवामानाच्या दृष्टीने मला तो निर्णय वाईटच वाटतो. पण लोकांना न पटलेली गोष्ट नेत्याने अकरावी वेळ समजावून न सांगता सोडून दिली, ही गोष्ट मतदारांच्या नजरेतून सुटली नसणार.

मग पॉप्युलिस्टांचीच भाषा उचलली तर? स्थलांतराबद्दल कडक बोललं तर?

यावर सगळ्यात जास्त वाद होतो, आणि दोन्ही बाजूंचे लोक डेन्मार्ककडे बोट दाखवतात. त्यामुळे डेन्मार्क जरा नीट बघू.

तिथल्या स्थलांतरविरोधी डॅनिश पीपल्स पार्टीला २०१५मध्ये २१ टक्के मतं होती. मेटे फ्रेडरिक्सन यांनी आपल्या सोशल डेमोक्रॅट पक्षाला स्थलांतराच्या प्रश्नावर चांगलंच कडक वळण दिलं. २०१९मध्ये पीपल्स पार्टी नऊ टक्क्यांच्याही खाली आली आणि फ्रेडरिक्सन पंतप्रधान झाल्या. गोष्ट इथे थांबवली की नकलेचा विजय झाल्यासारखा दिसतो. पण त्याच निवडणुकीत त्यांच्या स्वतःच्या पक्षाची मतं किंचित घटली होती. उजवीकडून काही आली, डावीकडून तेवढीच गळली. २०२२मध्ये पीपल्स पार्टी अडीच टक्क्यांच्या आसपास उरली, पण त्याच पठडीतल्या, नव्याने निघालेल्या डेन्मार्क डेमोक्रॅट्सनी आठ टक्के नेली. २०२५च्या स्थानिक निवडणुकीत तर ज्या कोपनहेगनवर सोशल डेमोक्रॅट पक्षाची पिढ्यानपिढ्या पकड होती, त्याचं महापौरपदही गेलं, आणि ते गेलं डावीकडच्या पक्षाकडे.

आता दुसरी बाजू, जी कुणी फारशी सांगत नाही. फ्रेडरिक्सन यांनी फक्त दारं बंद केली नाहीत. त्यांच्या प्रचारात आर्ने नावाचा बिअरच्या कारखान्यातला एक खराखुरा कामगार होता. पोस्टरवर त्याचा चेहरा आणि मजकूर असा की आता आर्नेची पाळी. मुद्दा साधा होता : जो कोवळ्या वयात कामाला लागला आणि ज्याचं शरीर झिजलं, त्याने वकील-प्राध्यापकांच्याच वयात निवृत्त का व्हायचं? वयाच्या ६१व्या वर्षी ज्याची ४२ वर्षं कामाच्या बाजारात गेली त्याला एक वर्ष आधी पेन्शन, ४३ असतील तर दोन, ४४ असतील तर तीन. २०२२पासून हे लागूही झालं. अर्थतज्ज्ञ कुरकुरले. पण मजूर माणसाला त्यात आपला हिशेब कुणीतरी मांडलेला दिसला. डेन्मार्ककडून उचलायचंच असेल तर मी हे उचलेन.

नुसती भाषा उचलण्याचं उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. लेबर पक्षाचे पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी मे २०२५च्या भाषणात देश ‘अनोळखी लोकांचं बेट’ होण्याचा धोका आहे असं म्हटलं, आणि दीडेक महिन्यातच त्या शब्दांचा पश्चात्ताप होतो असंही म्हटलं. स्वतःचे दुखावले आणि परके आले नाहीत. पश्चिम युरोपातल्या अनेक दशकांच्या निवडणुका तपासणाऱ्या राज्यशास्त्रज्ञांनाही या नकलेतून मवाळ पक्षांची मतं वाढल्याचा पुरावा सापडलेला नाही.

म्हणजे स्थलांतरावर बोलूच नये का? बोलावं. अर्ज वर्षानुवर्षं निकाली निघत नसतील तर ती गैरव्यवस्थाच आहे आणि ती नीट करणं हे सरकारचं कामच आहे. फक्त ते काम म्हणून करावं, आरोळी म्हणून नव्हे.

पॉप्युलिस्टांच्या मागण्या मवाळांनी पचवल्याचं जुनं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते या शब्दाच्या जन्माइतकंच जुनं आहे. १८९२मध्ये अमेरिकेत ओमाहा इथे कर्जाने आणि रेल्वे कंपन्यांच्या दरांनी गांजलेले शेतकरी जमले आणि त्यांनी पीपल्स पार्टीचा जाहीरनामा मांडला. ‘पॉप्युलिस्ट’ हे नाव या लोकांवरूनच पडलं. त्यांच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दहा लाखांहून अधिक मतं आणि २२ निर्वाचक (अध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी) मिळाले. पक्ष काही वर्षांतच विरघळला. पण जास्त कमावणाऱ्यावर चढत्या दराने आयकर आणि सिनेटरांची थेट जनतेतून निवड, या त्यांच्या दोन मागण्यांसाठीच्या घटनादुरुस्त्या १९१३मध्ये झाल्या. त्या करणारे लोक टाय-कोटातले होते. त्या शेतकऱ्यांची टर उडवणाऱ्यांना पुढे त्यांचाच कार्यक्रम राबवावा लागला, ही गोष्ट मला फार आवडते.

दुसरं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं. १९३४मध्ये लुइझियानाचा सिनेटर ह्युई लाँग ‘संपत्ती वाटून घ्या’ म्हणत देशभर क्लब काढत होता. १९३५च्या ऑगस्टमध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला आणि त्याच महिन्यात अतिश्रीमंतांवरच्या कराचा वरचा दर ७९ टक्क्यांवर गेला. रूझवेल्ट यांना मवाळ म्हणायचं का यावर भांडता येईल. पण लाँग यांनी आग लावली नसती तर हे पाणी इतक्या लवकर आलं असतं, असं मला वाटत नाही. पॉप्युलिस्टांची तक्रार पुष्कळदा खरी असते, औषध चुकीचं असतं.

चांगलं काम केलं की मतं आपोआप मिळतात ना?

नाही. बायडेन यांचं उदाहरण ताजं आहे. २०२०मध्ये महामारीच्या मदतीचे धनादेश घरोघर गेले तेव्हा त्यांच्यावर ट्रम्प यांचं नाव छापलेलं होतं. २०२१मध्ये बायडेन यांच्या काळात १,४०० डॉलरचे धनादेश गेले, त्यांच्यावर अध्यक्षाचं नाव नव्हतं. सभ्यपणा म्हणून ठीक. डिसेंबर २०२४मध्ये, निवडणूक हातची गेल्यावर, बायडेन यांनीच जाहीरपणे हा आपला मूर्खपणा झाल्याचं कबूल केलं.

पण नाव छापणं हा वरवरचा भाग झाला. मुलांसाठीचं मासिक साहाय्य २०२१च्या उत्तरार्धात मुलामागे महिन्याला ३०० डॉलरपर्यंत थेट खात्यात आलं. अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर उतरलं. मग योजना संपली आणि पुढच्या वर्षी तेच प्रमाण १२.४ टक्के झालं. देऊन काढून घेतलेलं माणूस जास्त लक्षात ठेवतो. शिवाय गावोगाव वेगवान इंटरनेट पोचवायला ४२ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मंजूर झाली होती. नकाशे, निविदा, मंजुऱ्या यांत तीन वर्षं गेली, आणि मतदानाचा दिवस आला तेव्हा त्या पैशातून घरापर्यंत तार आलेली नव्हती. मवाळ लोकांना प्रक्रियेचं फार प्रेम. प्रत्येक टप्प्यामागे चांगलं कारण असतं, हेही खरं. पण पाच वर्षांच्या मुदतीत सहाव्या वर्षी फळ देणारं झाड लावायचं असेल, तर शेजारी एखादा मेथीचा वाफाही लावावा.

सगळ्या मवाळ पक्षांनी एकत्र येऊन पॉप्युलिस्टांना बाहेर ठेवावं का?

कधीकधी दुसरा मार्गच नसतो. पण त्याची किंमत असते. सगळे सभ्य पक्ष एकाच सरकारात बसले की नाराज माणसाला विरोधी मत द्यायला एकच दुकान उघडं उरतं. जर्मनीत अँगेला मर्केल युरो संकटातल्या निर्णयांना ‘पर्यायच नाही’ म्हणत. हा शब्द २०१०मध्ये तिथे वर्षातला सर्वात वाईट शब्द म्हणून निवडला गेला. २०१३मध्ये नवा पक्ष निघाला आणि त्याने नाव घेतलं : जर्मनीसाठी पर्याय. २०२५मध्ये त्याला २०.८ टक्के मतं पडली. विरोधकांना आयतं नाव पुरवण्याची इतकी सोय क्वचितच कुणी केली असेल.

पॉप्युलिस्टांना एकदा सत्ता देऊन बघितलं तर ते आपोआप उघडे पडतील ना?

पडतात, आणि पुन्हा कपडे घालून येतात. ऑस्ट्रियाच्या फ्रीडम पार्टीला १९९९मध्ये २७ टक्के मतं होती, सत्तेत गेल्यावर २००२मध्ये १० टक्के, आणि २०२४मध्ये जवळपास २९ टक्के, पहिल्या क्रमांकावर. मधल्या काळात गाऱ्हाणी तशीच होती.

जे कधीच वळणार नाहीत अशा मतदारांचं काय?

त्यांना समान नागरिक म्हणून वागवायचं आणि मताची अपेक्षा सोडायची. ज्याला दुसऱ्या कुणाचं तरी वाईट झालेलंच बघायचंय, त्याचं समाधान मवाळ नेत्याने करूही नये. ते केलं की तो मवाळ राहत नाही. पण या गटाची मोजदाद करताना घाई करू नका. पॉप्युलिस्टाला मत देणारा प्रत्येक जण द्वेष्टा असतो, असं मानणं आळशीपणाचं आहे, आणि त्या माणसाला ते आपल्या चेहऱ्यावर लगेच वाचता येतं.

सत्तेवर आल्यावर मवाळ नेत्याने सगळ्यात आधी काय टाळावं?

पहिला घाव दुबळ्यावर घालणं. ब्रिटनमध्ये लेबर पक्ष जुलै २०२४मध्ये जिंकला आणि महिना संपायच्या आत, वृद्धांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी मिळणारे २०० ते ३०० पौंड बहुतेकांचे बंद करायची घोषणा झाली. तिजोरीतलं भगदाड बुजवायचं होतं. बचत झाली असती दीड अब्ज पौंडांच्या आसपास, सरकारी हिशेबात चिल्लर. पण सुमारे एक कोटी म्हाताऱ्यांच्या घरात तो पहिलाच निरोप गेला. वर्षभरात माघार घ्यावी लागली आणि माघारीचंही श्रेय मिळालं नाही.

पोलंडमध्ये डोनाल्ड टुस्क यांनी उलट केलं. आधीच्या पॉप्युलिस्ट सरकारने २०१६मध्ये मुलामागे महिना ५०० झ्लोटी सुरू केले होते, आणि ती रक्कम ८०० करायची घोषणाही त्याच सरकारने केली. तेव्हा विरोधात असलेले टुस्क म्हणाले, पुढच्या वर्षाची वाट कशाला बघता, आत्ताच द्या. दिलेलं कुणी काढून घेईल ही भीतीच त्यांनी काढून टाकली. २०२३मध्ये ७४ टक्के मतदान झालं आणि त्यांची आघाडी सत्तेवर आली.

म्हणजे टुस्क यांना जमलं म्हणायचं?

जिंकायला जमलं. २०२५च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांचा उमेदवार निसटत्या फरकाने हरला. नेदरलँड्समध्येही असंच आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये रॉब येटन यांचा डी६६ पक्ष ९ जागांवरून २६ वर गेला. प्रचार हसतमुख, घरटंचाईवर दहा नवी शहरं वसवायची योजना. पॉप्युलिस्ट नेते खेर्ट विल्डर्स ३७ वरून २६ वर घसरले. सगळीकडे मवाळांचा विजय म्हणून मथळे झाले. पण विल्डर्स आणि त्यांच्यासारखेच आणखी दोन छोटे पक्ष मिळून आधी ४१ जागा होत्या आणि नंतर ४२. येटन यांना मतं मिळाली ती मुख्यतः दुसरीकडून. चिडलेला मतदार शेजारच्या खोलीत जाऊन बसला, घर सोडून गेला नाही.

निवडणूक जिंकणं आणि समाधान करणं यांत एवढं अंतर असतं. पहिलं एका प्रचारात होतं. दुसऱ्याला दहा नवी शहरं खरोखर वसवावी लागतात.

नेता खरंच ऐकतोय की ऐकल्याचं नाटक करतोय, हे मतदाराने कसं ओळखायचं?

मी तीन गोष्टी बघतो. कॅमेरा नसताना तो दुसऱ्यांदा त्याच गावात जातो का. ‘हे जमणार नाही’ असं तोंडावर सांगतो का, कारण फक्त होकार देणारा ऐकत नसतो, वेळ मारून नेत असतो. आणि लोकांनी लिहून दिलेल्या वह्या कुठे आहेत, असं विचारलं तर त्याला कपाट माहीत असतं का.